बारा आकडी कॅलक्युलेटर, १४२८५७ टाकून तपासलेला: ठाण्यातून रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातात. बारा आकडी टेबल कॅलक्युलेटर, सोलर प्लस बटण सेल, वर सरकणारे दोन स्विच, चेक-करेक्टची बटणं, जांभळी नाक्याजवळच्या गल्लीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून साडेतीनशेच्या आसपास पडला. पाचपैकी चार स्टार. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण काउंटरवर हुबेहूब अशाच दिसण्याचे तीन-चार ब्रँड मांडलेले होते, फक्त वरचा स्टिकर वेगळा, आणि कुठला घ्यायचा हे मी स्टिकर बघून ठरवलंच नाही, एक आकडा टाकून ठरवलं. रिव्ह्यू त्या आकड्याचाच जास्त झालाय हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, पण असू दे.

लोक दुकानात कॅलक्युलेटर कसा बघतात माहितीये ना, चालू करायचा, पाच गुणिले पाच, पंचवीस आले, द्या पॅक करून. त्याने काय कळतं? तीन बटणं चालतात एवढंच. मी वागळे इस्टेटला अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर व्हाउचर आणि बिलं, आणि माझ्या आधीच्या मशीनचं आठचं बटण कधीमधी दाबलं तरी लागायचं नाही. म्हणजे ८५० चे ५० व्हायचे आणि आवाज मात्र टक असा नेहमीसारखा यायचा. अशी चूक शोधायला टोटल परत परत मारत बसावं लागतं. तेव्हापासून माझा नियम झाला की तपासायला आकडा असा घ्यायचा ज्याचं उत्तर बरोबर आहे की चूक हे नुसतं बघून कळलं पाहिजे, दुसऱ्या मशीनवर ताळा करायला लागता कामा नये.

असा आकडा म्हणजे १४२८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. याला ७ ने गुणा, सहा नऊ येतात, ९९९९९९. एखादं बटण हुकलं, एखादा आकडा दोनदा पडला, की ती नऊंची रांग मोडते आणि लांबूनसुद्धा दिसतं. मी काउंटरवर हे भराभर टाकून बघत होते, पाच-सहा वेळा, मुद्दाम टायपिस्टच्या स्पीडने, तर दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे सारखेच आहेत, कुठलाही घ्या." पहिल्या मशीनवर ८९९९९९ आलं. म्हटलं दादा हे बघा सारखे. म्हणजे १४२८५७ ऐवजी १२८५७१ की काय असं पडलं असावं? नाही, तसं नव्हतं, कारण ८९९९९९ ला सातने निःशेष भाग जात नाही, म्हणजे चुकीचा आकडा गेला असता तरी सातच्या पटीतच काहीतरी यायला हवं होतं, इथे डिस्प्लेवरच नऊला एक दांडा जास्तीचा उमटत होता. मग बारा वेळा नऊ दाबून बघितलं आणि डावीकडून सातव्या घरात खालचा डावा दांडा कायमचा पेटलेला सापडला, तिथे नऊ आला की आठ दिसतो. दुकानदाराने काही न बोलता तो मशीन मागे ठेवला आणि दुसरा काढला. इथे त्याला पूर्ण मार्क, वाद घातला नाही.

आता १४२८५७ ची खरी मजा. २ ने गुणलं की २८५७१४. ३ ने ४२८५७१. ४ ने ५७१४२८. ५ ने ७१४२८५. ६ ने ८५७१४२. नीट बघा, तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. तलावपाळीला संध्याकाळी सहा मैत्रिणी एकामागे एक चकरा मारतायत आणि तुम्ही गडकरी रंगायतनच्या कोपऱ्यावरून बघा नाहीतर पलीकडून, पहिली कोण दिसेल ते बदलेल पण कोणाच्या मागे कोण ते बदलणार नाही, तसं. गणितात याला चक्रीय संख्या म्हणतात.

आणि हे असं का होतं ते काही गूढ नाहीये. १ भागिले ७ कागदावर करा, शाळेत करायचो तसं शून्य लावत लावत, पॉइंटनंतर १४२८५७ हेच आकडे परत परत येत राहतात. बाकी उरत जाते ती १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, आणि इथे सहाच्या सहा हजेरी लावून जातात, एकही सुटत नाही. मग २ भागिले ७ केलं तर तुम्ही त्याच साखळीत बाकी २ पासून आत शिरता, ३ भागिले ७ केलं तर बाकी ३ पासून. साखळी तीच. म्हणून आकडे तेच. प्रत्येक संख्येचं असं होत नाही, १३ चं बघा, १ भागिले १३ केलं की पॉइंटनंतर ०७६९२३ येतं, सहा आकड्यांनी परत पहिल्यापासून सुरू होतं, बारापैकी सहाच बाक्या येतात, उरलेल्या सहा दुसऱ्या वेगळ्या साखळीत जातात.

या फिरणाऱ्या पाढ्याने मी दोन गोष्टी तपासल्या. एक, कॉन्स्टंट. १४२८५७ टाकून गुणिले दोनदा दाबलं की डिस्प्लेच्या कोपऱ्यात छोटा 'के' येतो, मग नुसतं २ बरोबर, ३ बरोबर, ४ बरोबर करत जायचं, मूळ आकडा परत टाकावा लागत नाही. एकाच रेटने पन्नास लायनी काढायच्या असतील तर हे सोनं आहे आणि निम्म्या लोकांना आपल्या मशीनमध्ये हे आहे हेच माहीत नसतं. दुसरी गोष्ट जीटी, म्हणजे ग्रँड टोटल. १ पासून ६ पर्यंत गुणाकार सुटे सुटे करून जीटी दाबलं तर २९९९९९७ यायला हवं, कारण १ ते ६ ची बेरीज २१ आणि १४२८५७ चे २१ पट म्हणजे तीस लाखाला तीन कमी. आलं. एम प्लस आणि एमआरसी ही मेमरीची बटणं पण असंच करून बघितली, तिथे बोलण्यासारखं काही नाही, चालतात.

पुढची टेस्ट डिस्प्लेच्या लांबीची, आणि इथे कापरेकर आलेच पाहिजेत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. शाळा ठाण्यात झाली, म्हणजे आपलेच. मग फर्ग्युसन, तिथे असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं, आणि नंतर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पोस्ट ग्रॅज्युएशन नाही, संशोधन संस्थेतली नोकरी नाही, आणि तरी आज जगात कुठेही नंबर थिअरीच्या नादी लागलेल्या माणसाला त्यांचं नाव माहीत असतं. त्यांनी एक जातीच्या संख्या शोधल्या ज्यांना कापरेकर संख्याच म्हणतात: संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, बेरीज करा, मूळ संख्या परत. ४५ चा वर्ग २०२५, २० अधिक २५ पंचेचाळीस. आणि आपला १४२८५७? वर्ग येतो २०४०८१२२४४९. तोडा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७!

मी हे काउंटरवर केलं तेव्हा दुकानदाराने पण वाकून बघितलं, खोटं नाही सांगत.

याचं कारण सुद्धा दोन ओळींत बसतं. १४२८५७ म्हणजे ९९९९९९ चा सातवा भाग, आणि त्याच्या एकाने कमी असलेल्या १४२८५६ ला ७ ने बरोब्बर भाग जातो, उत्तर २०४०८. म्हणजे १४२८५७ गुणिले १४२८५६ हे ९९९९९९ गुणिले २०४०८ झालं. त्यात एक १४२८५७ मिळवला की वर्ग. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखाला एक कमी, तेव्हा २०४०८ जाऊन बसतात दहा लाखांच्या पुढे आणि मागे राहतात १४२८५७ वजा २०४०८, म्हणजे १२२४४९. पुढचे अधिक मागचे केले की वजा केलेलं परत येतं. जादू नाही, पण इतकी नीट बसलेली गोष्ट आहे की जादू म्हटलं तरी चालेल.

कॅलक्युलेटरच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की हा वर्ग अकरा आकडी आहे. भाजीवाल्याकडे असतो त्या आठ आकडी मशीनवर तो मावतच नाही. भाचीच्या इंजिनिअरिंगच्या सायंटिफिकवर टाकला तर दहा आकड्यांपुरताच दिसतो, २.०४०८१२२४५ गुणिले १० चा दहावा घात, शेवटचं ४९ गोल करून टाकतो आणि तुकडे करायला काही उरत नाही. (तिथे युक्ती आहे, आलेल्या उत्तरातून २०४०८०००००० वजा करा, पोटात जास्त आकडे ठेवलेले असतात ते १२२४४९ म्हणून बाहेर येतात.) बारा आकडीवर मात्र सगळं एका ओळीत समोर. त्याच्या वरची टेस्ट म्हणजे ९९९९९९ चा वर्ग, ९९९९९८०००००१, बाराच्या बारा घरं भरली, आणि ९९९९९८ अधिक १ म्हणजे ९९९९९९, ही पण कापरेकर संख्याच. सहा आकडी कुठल्याही संख्येचा वर्ग बारा आकडीत मावतो याचा हा पुरावा.

मावत नाही तेव्हा काय करतो हे पण बघून घ्या, कारण स्वस्तातले मशीन इथे फसवतात. त्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे एकांचे वर्ग. १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, चढत जाऊन उतरणारे. या संख्यांना कापरेकरांनी डेम्लो नाव दिलं, आणि डेम्लो म्हणजे काय तर जीआयपी रेल्वेवरचं (आताच्या मध्य रेल्वेवरचं) स्टेशन, आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणे. रोज डोंबिवलीहून लटकत ठाण्याला येणाऱ्या माझ्या कलिगला हे सांगितलं तर ती म्हणाली त्या काळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचार करायला जागा मिळत असणार. तर ११११११ चा वर्ग १२३४५६५४३२१, आरामात आला. आता सात एक घ्या, १११११११, त्याचा वर्ग तेरा आकडी, १२३४५६७६५४३२१. मशीनने दाखवलं 'ई', म्हणजे एरर, आणि शेजारी १.२३४५६७६५४३२, म्हणजे शेवटचा १ कापला आणि पॉइंट कुठे आहे त्यावरून किती मोठा आकडा आहे ते कळतं, शिवाय 'ई' असेपर्यंत पुढचं बटण घेतच नाही, क्लिअर करावं लागतं. हे बरोबर वागणं आहे. 'ई' न दाखवता मागचे आकडे गुपचूप गाळणारा मशीन अकाउंट्सच्या टेबलावर ठेवू नका.

भाचा आठवीत आहे, त्याला मशीन दिला आणि कापरेकरांचा दुसरा खेळ लावून दिला. चार आकडी संख्येत ६१७४ वाला बहुतेकांना माहीत असतो: सगळे आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, परत तेच, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि जगभर गाजलं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या त्यांच्या सदरात लिहिल्यावर. आम्ही तो १४२८५७ वर चालवला. ८७५४२१ वजा १२४५७८, ७५०८४३. पुढे ८४०८५२. मग ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२. आणि त्याच्या पुढे? परत ७५०८४३. कुठल्याही एका आकड्यावर थांबत नाही, सात थांब्यांचं रिंगण लागतं.

"मावशी, पण सुरुवातीचा परत आलाच नाही की," भाचा म्हणाला. म्हटलं शेवटचा थांबा नीट बघ. ८५१७४२. एक, दोन, चार, पाच, सात, आठ, तेच सहा आकडे आहेत, फक्त क्रम विस्कटलेला, आणि हा क्रम त्या सहा फिरणाऱ्यांपैकी पण नाही. म्हणून तर तिथून परत ७५०८४३ येतं, कारण या खेळाला क्रमाशी देणंघेणंच नाही. पोरगं वही घेऊन बसलं, मला चहा प्यायला मिळाला.

बटणांच्या हिशेबाने हा खेळ उपयोगाचा आहे कारण १४२८५७ मध्ये ०, ३, ६, ९ नाहीतच, म्हणजे नुसता तोच आकडा टाकून चार बटणं तपासायची राहून जातात. या रिंगणात ०, ३, ६ दाबली जातात. ९ मात्र तिथेही कुठे येत नाही, त्यासाठी वरचा नऊंचा वर्ग आहेच.

आणि जाता जाता, कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांमध्येही, म्हणजे स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्यांमध्ये, हा बसतो. आकड्यांची बेरीज २७, आणि २७ ने भागलं की ५२९१, बाकी शून्य. ६१७४ पण हर्षदच, बेरीज १८, भागाकार ३४३.

आता कामाची गोष्ट, ऑफिसमध्ये मी खरंच वापरते ती. बँकांच्या ४४४ दिवसांच्या एफडी असतात ना, मॅच्युरिटी कुठल्या वारी येते? १४२८५७ गुणिले ४४४ करा: ६३४२८५०८. मागचे सहा आकडे सोडून पुढे उरले ६३, हे झाले पूर्ण आठवडे. आता ६३ अधिक ४२८५०८ म्हणजे ४२८५७१, हे १४२८५७ चे तीन पट, म्हणजे वर तीन दिवस. सोमवारी ठेवली तर गुरुवारी सुटणार. ३६५ करून बघा, ५२१४२८०५, बावन्न आठवडे आणि ५२ अधिक १४२८०५ म्हणजे १४२८५७, एक दिवस, म्हणून वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो. लीप वर्षाचे ३६६ केले तर ५२२८५६६२, बेरीज २८५७१४, दोन दिवस. सातने बरोब्बर भाग जात असेल तर जरा वेगळं दिसतं, ९१ चं १२९९९९८७ येतं, १२ अधिक ९९९९८७ म्हणजे ९९९९९९, सात पट, म्हणजे बारा आठवडे आणि सात दिवस, थोडक्यात तेरा आठवडे. साधा ७ ने भागाकार करूनही हेच निघतं हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका. पण भागाकारात ६३.४२८५७१ येतं आणि लोक त्या पॉइंटनंतरच्या आकड्यांकडे बघून गोंधळतात, तर त्यांना एवढंच सांगा की १४ ने सुरू झालं की एक दिवस, २८ ने दोन, ४२ ने तीन, ५७ ने चार, ७१ ने पाच, ८५ ने सहा. हा पाढा पाठ करून ठेवा, महिन्याच्या एंडला उपयोगी पडतो.

भागाकारावरून, १ भागिले ७ याने ०.१४२८५७१४२८५ दिलं आणि लगेच गुणिले ७ केल्यावर ०.९९९९९९९९९९५. सायंटिफिक इथे सरळ १ देतो. बरेच जण याला डिफेक्ट समजून परत करतात, तसं नाहीये, टेबल कॅलक्युलेटर दिसतंय तेवढंच धरतो आणि पुढचं कापतो. वरच्या स्विचने राउंडिंग लावलं की एक दिसेल, पण मी म्हणेन स्विच 'एफ' वरच ठेवा, म्हणजे राउंडिंग नको. आणि शेजारचा दशांशाचा स्विच तर आधी बघाच, दुकानातून येताना तो बहुतेक वेळा 'ए' वर नाहीतर २ वर सरकलेला असतो. २ वर असेल तर १ भागिले ७ चं ०.१४ होतं, आणि 'ए' वर असेल तर बेरीज करताना १४२८५७ चे आपोआप १४२८.५७ होतात, कारण तो शेवटचे दोन आकडे पैसे धरतो. कॅश मोजणाऱ्याला हे बरं, बाकीच्यांना वैताग.

स्वल्पविराम दोन पद्धतीचे मिळतात. आपल्या लाख-कोटीचे, १,४२,८५७, आणि तीन-तीनचे, १४२,८५७. ऑफिसला अर्थातच लाखाचा घेतला, रोज चेकवर तेच लिहायचं असतं. पण या आकड्यासाठी तीन-तीनवाला जास्त शोभतो हे कबूल करायला पाहिजे, कारण १४२ अधिक ८५७ म्हणजे ९९९ हे त्यात डोळ्यासमोर असतं. दोन-दोन तोडले तरी १४, २८, ५७ ची बेरीज ९९.

ही अर्ध्या-अर्ध्याची नऊंची बेरीज १४२८५७ पुरती नाही. ई. मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ मध्ये हे दाखवलं होतं: छेदात मूळ (प्राइम) संख्या असेल आणि आवर्ती, म्हणजे परत परत येणाऱ्या, आकड्यांची संख्या सम असेल तर दोन अर्ध्या भागांची बेरीज सगळे नऊच. यावरून बारा आकडी मशीन किती लांब जातो ते बघायला मला फार मजा आली. १ भागिले १७, डिस्प्लेवर ०.०५८८२३५२९४१, पण आवर्ती आकडे सोळा आहेत, म्हणजे पाच दिसतच नाहीत. काही अडत नाही, पहिले आठ घ्या, ०५८८२३५२, आठ नऊंमधून वजा करा, ९४११७६४७. झाले सोळा. १९ चे अठरा आकडे, पहिले नऊ ०५२६३१५७८, मागचे नऊ ९४७३६८४२१. आणि २३ ला बावीस आकडे, अर्धे अकरा, आणि डिस्प्लेवर पॉइंटनंतर जागा बरोब्बर अकराच! ०४३४७८२६०८६, अकरा नऊंतून वजा, ९५६५२१७३९१३. काठोकाठ. पुढचा २९, अठ्ठावीस आकडे, अर्धे चौदा, तिथे बारा आकडी हात टेकतो. शंभरच्या आत असे पूर्ण फिरणारे, म्हणजे सातसारखी एकही बाकी न सोडणारे, नऊच आहेत, ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. असे अनंत आहेत का, याचा अंदाज एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये बांधला होता, होय असा, आणि अजून कोणी तो पूर्ण सिद्ध केलेला नाही. साडेतीनशे रुपयांच्या मशीनवर सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन पोचते बघा.

बाकी पटकन. सोलर खरं आहे, सेल काढून ट्यूबलाइटखाली धरला तर आकडे फिके पण दिसतात (काही मशीनवर ती काळी पट्टी नुसती शोभेची असते, सेल काढला की मेला). चेक बटणाने मागच्या एन्ट्री एकेक करून बघता येतात आणि मधली चुकलेली दुरुस्त करता येते, यासाठीच मी असला घेते. टॅक्सचं एकच बटण आहे, रेट आपण सेट करायचा. काउंटरवर ५, १२, १८, २८ अशी छापील जीएसटी बटणं असलेला जुना स्टॉक पण होता, तो स्वस्तात देत असतील तरी विचार करा, २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे स्लॅब जवळपास सगळ्या वस्तूंवरून गेले, म्हणजे निम्मी बटणं बिनकामाची.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. खालचे रबरी पाय चिकटवलेले आहेत आणि एक आताच सुटायला आलाय, म्हणजे जोरात टाइप केलं की मशीन काचेवर सरकतो. आणि शून्य व डबल शून्य इतकी चिकटून आहेत की अंगठा जाड असेल तर हजाराचे दहा हजार व्हायला वेळ लागणार नाही, घेण्याआधी तुमचा अंगठा लावून बघा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख मागून घ्या, आपणहून मारत नाहीत.